दूधगंगेत होडी घालण्यापूर्वी

सदलग्याच्या दूधगंगेला भरती-ओहोटी नाही. तिची ओढ वाढते ती पावसाने आणि वर काळम्मावाडी धरणातून सोडलेल्या पाण्याने.

● ओढीचे गणित : प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा रेटा चौपट होतो.

● बंधारा : मलिकवाड-दत्तवाडसारखा बंधारा पाण्याखाली गेला की वरून दिसत नाही. त्याखालचा भोवरा माणसाला परत आत ओढतो. होडी लांबच ठेवा.

● जादा इंजिन : त्याची इंधनटाकी वेगळी हवी. एकाच टाकीतले इंधन खराब झाले, तर दोन्ही इंजिने बंद पडतात. निघण्याआधी जादा इंजिन सुरू करून पाहा. वल्ही, दोर आणि नांगर सोबत हवेतच.

● इंजिन बंद पडल्यास : नांगर होडीच्या पुढच्या टोकाकडून टाका. मागून टाकल्यास होडीत पाणी शिरते.

● जादा माणसे नकोत : ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ (जि. सांगली) येथे कृष्णेच्या पुरात माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले.

पूर असताना गुळाची काहील किंवा होडी पाण्यात घालूच नका. एरवीही लाइफ जॅकेट अंगात घालूनच निघा. संकटात ११२ वर फोन करा.