टाके घातल्यानंतर

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचण्याचं काम चालू होतं. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. त्या दिवशी 107 जणांनी ती टोचून घेतली. काही दिवसांनी त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि त्यांतला एकही वाचला नाही. या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या बाटल्यांमधली लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर व्हावं लागलं. पुढे चौकशीतल्या साक्षींमधून वेगळंच काही समोर आलं. बाटली उघडायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. त्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात जेमतेम बुचकळून त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि असल्या बुचकळण्याला दाद देत नाहीत. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. 1925 मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं.

उपचारांतूनच संसर्ग होण्याचा हा धोका आजही टळलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या 100 रुग्णांपैकी 7 जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना तिथे असतानाच एखादा तरी संसर्ग होतो. आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारं ‘टाके पिकले’ हे वाक्य या आकड्यांमधलंच. त्यावरचे बरेचसे उपाय माहीत आहेत आणि ते फार महागही नाहीत. प्रश्न येतो तो ते वेळेवर होण्याचा. योग्य औषध चुकीच्या वेळी दिलं, तर त्याचा उपयोग बराच कमी होतो.

वेळेच्या या हिशेबाची सुरुवात सुरी लागण्याआधीच होते. ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या 11 वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जखम न चिघळता भरली. तिथून निर्जंतुक शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. अँटिबायोटिक हाताशी आल्यावर मात्र ते कधी द्यायचं यावर बराच काळ एकमत नव्हतं. 1992 मध्ये अमेरिकेतल्या 2,847 रुग्णांच्या अभ्यासाने उत्तर दिलं. छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये जखमेचा संसर्ग 0.6 टक्के होता. छेद घेऊन तीन तास उलटल्यावर ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात 3.3 टक्के. कारण सरळ आहे. त्वचेवरचे जंतू जखमेत उतरतात त्या क्षणी औषध तिथल्या ऊतींमध्ये आधीच पोहोचलेलं असावं लागतं. एकदा जखमेत रक्त साकळलं, की औषधाची वाट बंद होते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की हा डोस छेदापूर्वी द्या आणि ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून तो चालू ठेवू नका. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवसांच्या गोळ्या देण्याची आपल्याकडची रीत या शिफारशीच्या नेमकी उलट आहे. तीच तत्त्वं आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्यालाही नकार देतात. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथे आयता आसरा मिळतो.

स्वस्त उपायाचं एक ताजं उदाहरण भारताशीही जोडलेलं आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चीता’ या चाचणीत भारतासह सात देशांतले 13 हजारांहून अधिक रुग्ण होते. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखम शिवण्यापूर्वी सर्जनच्या चमूने हातमोजे आणि हत्यारं बदलायची, एवढाच नियम. तेवढ्याने जखमेच्या संसर्गाचं प्रमाण 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं.

आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेकडे वळू. 1990 मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातली पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि काही वर्षांतच हे तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलं. त्यासोबत एक चिवट दुखणंही आलं. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, टाके निघालेले असतात, रुग्ण कामावर रुजू झालेला असतो. मग तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रापाशी हाताला बारीक गाठ लागते. ती लालसर-जांभळी होते, फुटते आणि तिच्यातून पातळ पू झिरपत राहतो. ताप बहुधा नसतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने फरक पडत नाही. साध्या कल्चरचा रिपोर्ट येतो, ‘जंतू आढळले नाहीत’.

जंतू असतात, पण ते क्षयाच्या जंतूंच्या गोतातले. नळाच्या पाण्यात ते सहज सापडतात. दुर्बिणीची हत्यारं लांब, सांधेदार आणि वरून प्लास्टिकचं आवरण असलेली. त्यांच्या सांध्यांत रक्ताचे आणि मांसाचे कण अडकतात. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात ती ग्लुटारल्डिहाइडमध्ये घाईघाईने बुडवून नळाच्या पाण्याने खंगाळली, की हे जंतू थेट पोटाच्या भिंतीत पोहोचतात. मुल्कोवालचा बुचकळलेला चिमटा आणि हे हत्यार यांच्यातला दोष एकच. अशा रुग्णाला काही वेळा क्षयाचाच समजून क्षयाची औषधं दिली जातात आणि महिने वाया जातात. योग्य मार्ग म्हणजे हेच जंतू शोधायला प्रयोगशाळेला स्पष्ट सांगणं, त्यानुसार क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिनसारखी औषधं काही महिने देणं आणि गरज पडल्यास तो सगळा भाग कापून काढणं. हे सगळं टाळायचं, तर प्रत्येक हत्यार सुटं करायचं, ब्रशने घासायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये किंवा गॅसने पूर्ण निर्जंतुक करायचं. हे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव डिस्चार्ज कार्डावर कधीच नसतं. सर्जनइतकीच रुग्णाची भिस्त त्याच्यावरही असते.

संसर्ग झालाच, तर पहिला प्रश्न तो कुठे आहे हा. शिकाऊ सर्जनना तापाचा दिवस मोजायला शिकवतात. पहिल्या एक-दोन दिवसांत छातीकडे लक्ष, तिसऱ्याच्या आसपास लघवीकडे, पाचव्या-सातव्या दिवशी जखमेकडे. सलाईनची सुई टोचलेला हात मात्र रोज पाहायचा. जखमेत पू असेल, तर दोन टाके सोडून तो वाहू देणं हाच मुख्य उपचार. पोटात खोलवर असेल, तर सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने नळी घालून काढणं. साचलेल्या पुवापर्यंत इंजेक्शन नीट पोहोचत नाही. आणि पू एकदा काढला, की औषधही फार दिवस लागत नाही. 2015 च्या एका अमेरिकी चाचणीत पोटातला संसर्ग नीट साफ केल्यावर चार दिवसांच्या अँटिबायोटिकने जवळपास आठ दिवसांइतकाच परिणाम साधला.

संसर्गामुळे अवयव थकू लागले, की त्याला सेप्सिस म्हणतात. 2017 मध्ये जगभरात सेप्सिसशी निगडित सुमारे 1 कोटी 10 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. धाप, थंडी वाजून ताप, लघवी कमी होणं, म्हाताऱ्या माणसाने अचानक असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. इथे हिशेब तासांचा असतो. आधी रक्ताचं कल्चर घ्यायचं आणि लगोलग औषध सुरू करायचं. रक्तदाब कोसळला असेल, तर तासाभराच्या आत. दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला, की भारी औषध बंद करून नेमकं औषध द्यायचं. ही शेवटची पायरी आपल्याकडे अनेकदा गाळली जाते.

आयसीयूत रुग्णाला जगवणाऱ्या नळ्याच जंतूंची वाटही होतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी पाळायचं ठरवलं: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाची सरासरी 7.7 होती, दीड वर्षात ती 1.4 वर आली.

सुरी न लावता केलेल्या उपचारांतही हाच धोका असतो. केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. जंतूंशी लढायला पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज येत नाही. ताप ही एकच खूण उरते. अशा रुग्णाने रात्री तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने हेच भीषण रूपात दाखवलं. मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड्स एकत्र आली आणि बुरशीने नाक, जबडा, डोळे पोखरले. त्या जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात धावत होते. स्टेरॉइडने पुष्कळांचा जीव वाचवला, हेही खरं. पण त्यासोबत साखर रोज तपासणं अत्यावश्यक होतं आणि घरी उपचार घेणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ते राहून गेलं.

जंतू औषधांनाच जुमानेनासे झाले, तर हे सगळे उपाय आणखी अवघड होतात. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. सामान्य माणसाला परवडणारी ही औषधं पुढे वाटेल तशी वापरली गेली. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात अतिशय प्रबळ औषधांनाही न जुमानणारा जंतू सापडला आणि त्याच्या जनुकाच्या नावात नवी दिल्ली आली. भारतात त्यावर संताप झाला. पण 2014 मध्ये महत्त्वाची अँटिबायोटिक्स ‘एच-1’ यादीत घालून त्यांच्या विक्रीची नोंद सक्तीची करावी लागलीच.

घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर सर्जनला दोन प्रश्न जरूर विचारा: अँटिबायोटिकचा डोस छेदापूर्वी मिळणार ना, आणि नंतर तो किती दिवस व का? मधुमेह असेल, तर साखर आधीच आटोक्यात आणा. भात-डाळीने पू होतो या गैरसमजापायी रुग्णाला उपाशी ठेवू नका; जखम भरायला प्रथिनं लागतात. लघवीची नळी, सलाईनची सुई कधी निघणार हे सिस्टरना रोज विचारा. घरी आल्यावर टाक्याभोवती लाली, वाढती वेदना, पाणी किंवा ताप दिसला, तर उरलेल्या जुन्या गोळ्या शोधू नका. ज्याने ऑपरेशन केलं त्याला त्याच दिवशी जखम दाखवा.