आधी लग्न की आधी ग्रीन कार्ड?

अमेरिकेत राहणाऱ्या जोडीदाराकडे जायचं, तर अर्ज तुम्ही भरता. पण व्हिसा कोणता मिळणार हे ठरतं त्याच्या तिथल्या दर्जावर. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच: नवरा किंवा बायको तिथे कशावर आहे?

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर वाट त्यातल्या त्यात सरळ. जोडीदाराला एच-४ मिळतो आणि त्यासाठी तिथून वेगळी याचिका करावी लागत नाही. डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म, फी, एच-१बी मंजूर झाल्याची आय-७९७ नोटीस, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि विवाह नोंदणीचा दाखला लागतो. निमंत्रणपत्रिका आणि फोटो जवळ असावेत, पण ते दाखल्याची जागा घेत नाहीत. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा: पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, दाखल्यावर सासरचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं अमेरिका कुठेही म्हणत नाही. उगाच घाई करू नये.

एच-४वर नोकरी मात्र लगेच करता येत नाही. २०१५च्या नियमानुसार, जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची आय-१४० याचिका मंजूर झाली असेल, किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली असेल, तरच कामाचा परवाना मागता येतो. कंपनीने बदलीवर पाठवलेल्या एल-१वाल्यांच्या जोडीदारांना वेगळा परवाना लागत नाही. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, म्हणजे एफ-२वर, नोकरी करताच येत नाही.

खरी मेख ग्रीन कार्डाची. एच-१बीवरच्या मुलाला ग्रीन कार्ड मिळालं आणि मग तो गावी येऊन बोहल्यावर चढला, तर एच-४चा रस्ता बंद. त्याला आय-१३० ही याचिका भरून बायकोला एफ-२ए या, ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांच्या, रांगेत उभं करावं लागतं. तिथे दरवर्षीचा कोटा असतो. २०१९ ते २०२३ मध्ये ही रांग बराच काळ खुली होती, नंतर पुन्हा तुंबली. मधल्या काळात पर्यटक व्हिसा मागितला, तर कायम राहायलाच निघालात अशा संशयाने तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी.

आणि हेच लग्न ग्रीन कार्डाच्या आदल्या दिवशी झालं असतं तर? नोकरीवरून मिळालेल्या ग्रीन कार्डात ती त्याच अर्जाच्या आधारे मागून सामील होऊ शकली असती. नवी रांग नाही. मुहूर्त काढताना पत्रिकेबरोबर वकिलालाही विचारावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल, किंवा वाट पाहताना नागरिक झाला, तर कोटाच लागू होत नाही. आय-१३०, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाची हमी देणारा आय-८६४, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईतली मुलाखत, हे टप्पे तेवढे राहतात. अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढण्यासाठीचा आय-७५१ भरायचा. दोन वर्षं पुरी व्हायला चार-आठ दिवसच उरले असतील आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिकीट पुढे ढकलावं. हातात दहा वर्षांचं कार्ड येतं.