पोरांचं कोण बघणार?

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाच्या बायका दोन दिवस प्रशिक्षणाला निघाल्या, की घरून पहिला प्रश्न येतो, ‘पोरांचं कोण बघणार?’ हाच प्रश्न जपानच्या जुन्को ताबेई यांच्याही वाट्याला आला होता. आणि त्या तर निघाल्या होत्या एव्हरेस्टवर!

एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी तिथे पोचले, पण पुढची बावीस वर्षं एकाही बाईचं पाऊल तिथे पडलं नाही. ताबेई उंचीनं जेमतेम पाच फूट. लहानपणी अशक्त म्हणूनच ओळखल्या जायच्या. पुढे गिर्यारोहणात काही पुरुष त्यांना सोबत घ्यायला नाखूश, म्हणून १९६९ मध्ये त्यांनी खास बायकांचाच क्लब काढला.

एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्या, तर ‘घरी बसून मुलं सांभाळा’ असं ऐकावं लागलं. मग त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. मोटारीच्या सीटच्या कव्हरांचे हातमोजे शिवले. काटकसर काय असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच! लेक तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. पण नवरा स्वतः गिर्यारोहक, त्याचा भक्कम पाठिंबा होता.

१९७५ मध्ये पंधरा जणी निघाल्या. ४ मे रोजी रात्री तंबूंवर हिमकडा कोसळला. ताबेई बर्फाखाली बेशुद्ध पडल्या. शेर्पांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. दोन दिवस धड चालता येईना, तरी त्या परत फिरल्या नाहीत. प्राणवायूची नळकांडी अपुरी, त्यामुळे वर एकीलाच जाता येणार होतं. मोहिमेच्या प्रमुख एइको हिसानो यांनी ताबेईंचं नाव पुढे केलं. १६ मे रोजी आंग त्सेरिंग शेर्पा यांच्यासोबत त्या शिखरावर पोचल्या. अकराच दिवसांनी तिबेटच्या बाजूनं फान्थोग चढल्या. त्या तर तीन मुलांच्या आई! १९८४ मध्ये आपल्या बचेंद्री पाल यांनीही हे शिखर गाठलं.

‘पहिली स्त्री’ म्हणण्यापेक्षा एव्हरेस्ट चढणारी छत्तिसावी व्यक्ती म्हणून ओळखलं जाणं ताबेईंना आवडायचं. २०१६ मध्ये त्या गेल्या.

शिखरावर एकच जण पोचते, पण तिच्यामागे किती हात असतात! आपल्या गल्लीतली एखादी सून पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जात असेल, तर तिला नावं ठेवू नका. जमलं तर तासभर तिचं लेकरू सांभाळा.