साबणाच्या वडीचा हिशेब

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. कारण होते दूषित पाणी. पाण्याचा जाब पालिकेलाच विचारला पाहिजे. पण नळाला शुद्ध पाणी आले म्हणून सगळे रोग थांबत नाहीत. हगवण, टायफॉईड, जंत हे न धुतलेल्या हातानेही पोटात जातात. ही वाट बंद करणे आपल्या हातात आहे.

कोणी म्हणेल, हात तर आम्ही धुतोच! २०१८ साली सरकारने देशभर केलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शौचानंतर साबणाने हात धुणारी कुटुंबे शंभरात ७४ निघाली, जेवणापूर्वी धुणारी मात्र ३६ च. बाकी बहुतेक जण नुसत्या पाण्यावर भागवतात. जंतू हाताच्या तेलकटपणाला चिकटून असतात. साबण तो तेलकटपणा सोडवतो, मग जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि नखे वीस सेकंद तरी चोळावीत.

त्यासाठी भारी साबण लागत नाही. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेली एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. साबणाने हात धुणाऱ्या घरांत लहान मुलांची हगवण आणि न्यूमोनिया सुमारे निम्म्याने कमी झाले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्या गुणात फरक आढळला नाही.

आता हिशेब मांडू. मूल आजारी पडले की आईचा किंवा बापाचा खाडा होतो, रोज बुडतो. शिवाय रिक्षा, डॉक्टर, सलाईन. एवढ्या पैशांत साबणाच्या किती वड्या येतील, हे प्रत्येक घराने एकदा कागदावर लिहून पाहावे.

याच कोल्हापुरात एके काळी आपल्या हाताचा विटाळ मानत. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा घेऊन राजर्षी शाहू महाराजांनी तो विटाळ खोटा ठरवला. विटाळ खोटाच होता, जंतू मात्र खरे आहेत. ते जात पाहत नाहीत. वाड्यातल्या हातावर असतात तसेच चाळीतल्या हातावरही असतात.

तेव्हा माता-भगिनींनो, बंधूंनो, एवढे पाळू या. स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी, बाळाला भरवण्यापूर्वी, शौचानंतर आणि बाळाची शी धुतल्यावर साबण लावायचाच. नळ नसेल तर एकाने तांब्याने पाणी घालावे, दुसऱ्याने हात धुवावेत. साबण संपला असेल तर चुलीची स्वच्छ राख चालेल, माती नको. आणि विहारात भोजनदान असेल तेव्हा पंगतीच्या आधी पाण्याच्या पिंपाजवळ साबणाची एक वडी ठेवावी. मुले घरी सांगितलेले विसरतील, पण पंगतीत मोठ्यांना हात धुताना पाहिले की आपोआप शिकतील.