मांजराचे खेळणे घरीच करा, पण दोरा दूर ठेवा!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक गृहस्थ आपली मांजरी पिशवीत घालून माझ्या दवाखान्यात आले. दोन दिवस उलट्या, अन्नाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात बसून राहते, एवढीच तक्रार. मी तिची जीभ वर उचलून पाहिली, तर मुळाशी लोकरीचा धागा अडकलेला! घरातला नातू रोज तिला लोकरीचा गुंडा खेळायला देत असे. पोट उघडले तेव्हा, नाडी ओढल्यावर लेंग्याच्या नेफ्याला चुण्या पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडल्या होत्या. तीन ठिकाणी छेद घेऊन धागा काढावा लागला. सुदैवाने मांजरी वाचली.

असे का होते? मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. दोऱ्याचे एक टोक जिभेला किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि आतडे मात्र पुढे ढकलण्याचे काम चालूच ठेवते. मग ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू लागतो. म्हणून तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो कधीही ओढू नका. ताबडतोब पशुवैद्यकाकडे जा.

मग मांजराशी खेळूच नये काय? अवश्य खेळावे! दबा धरणे, पाठलाग, झेप आणि चावा हा मांजराचा जन्मजात स्वभाव आहे. घरात कोंडलेल्या मांजराला तो वाव मिळाला नाही, तर ते लठ्ठ होते, नाही तर आपल्या पायांवर झडप घालू लागते. खेळण्यांसाठी पैसे खर्च करण्याचीही गरज नाही.

1. जुना पायमोजा : त्यात सुती चिंध्या गच्च भरून तोंड पक्के शिवा. सुई-दोरा लगेच उचलून ठेवा.
2. कागदाचा बोळा : जाड कागदाचा, मोठ्या लिंबाएवढा. फरशीवर टाकला की मांजर मागे धावते.
3. पुठ्ठ्याचे खोके : पिना व चिकटपट्टी काढून दोन बाजूंना मांजर जाईल एवढी भोके पाडा. दबा धरायला उत्तम जागा!
4. काठी व कापडाची पट्टी : काठीला दोन बोटे रुंद पट्टी घट्ट बांधा. ही फक्त आपल्या हातात असताना वापरावी; खेळ संपताच कपाटात.

बटणे, मणी, घुंगरू, रबरबँड, जर, राखीचा दोरा आणि पतंगाचा मांजा खेळण्यात नकोच. फाटलेले खेळणे टाकून द्या.

सकाळी आणि तिन्हीसांजेला दहा-दहा मिनिटे खेळ पुरे. खेळणे उंदरासारखे मांजरापासून दूर पळवा, त्याच्या अंगावर नेऊ नका. शेवटी त्याला ते पकडू द्या आणि मग जेवण द्या. शिकार झाली, पोट भरले, की मांजर समाधानाने अंग चाटून झोपते.

एक गोष्ट मुलांना बजावून सांगा : आपला हात हे खेळणे नव्हे. मांजर चावले वा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजची लस घ्यायची का ते विचारा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस आता गेले, तेव्हा त्या भीतीने घरी बसू नका. मांजरालाही दरवर्षी लस टोचून घ्या.

टाके काढायला मांजरी आली, तेव्हा तो नातूही सोबत होता. त्याच्या हातात चिंध्या भरलेला शाळेचा जुना मोजा होता. लोकरीचा गुंडा आजीने कुलपात ठेवला आहे, असे त्याने स्वतःच मला सांगितले.