काका, आज काही वेगळं जाणवलं का?

तारापूर औद्योगिक वसाहतीत पहिली शिफ्ट गाठण्यासाठी सकाळी बोईसर स्थानकाबाहेर रिक्षांसाठी गर्दी होते. त्यात नुकताच शिफ्ट इन्चार्ज झालेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा रसायन अभियंता असतो आणि त्याच्याच हाताखालचा, पन्नाशी ओलांडलेला ऑपरेटरही. हा त्यांना ‘काका’ म्हणतो, ते याला ‘साहेब’. साहेबांना वाटते, काका नवे काही ऐकणार नाहीत. काकांना वाटते, कालचे पोर आता आपल्याला शिकवणार!

प्रश्न फक्त मानापमानाचा नाही. रिअॅक्टरचे तापमान हाताबाहेर जाऊ लागले, तर निर्णयाला काही मिनिटेच मिळू शकतात. ज्याच्या लक्षात आले तो गप्प राहिला आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने विचारलेच नाही, तर किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

वय वाढले की प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, हे खरे. पण काम मंदावतेच असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्कांची बोटे प्रतिक्रियेच्या चाचणीत मागे पडली, टंकलेखनात मात्र ती तरुणांच्या बरोबरीने चालली. कारण त्यांची नजर मजकुरात अधिक पुढे धावत होती. पुढची अक्षरे झाकली, की हा फायदा संपत होता.

यातून इन्चार्जला घेण्यासारखे बरेच आहे. एकेक काम ऐन वेळी सांगणे म्हणजे काकांपुढची अक्षरे झाकणेच. त्याऐवजी शिफ्टच्या सुरुवातीलाच कोणती बॅच केव्हा, कुठे अडचण येऊ शकते, हे पूर्ण सांगावे आणि विचारावे, ‘काका, काल काही वेगळं जाणवलं का?’ पंपाचा बदललेला आवाज किंवा नेहमीपेक्षा उशिरा चढणारे तापमान नोंदवहीत येण्याआधी अनुभवी माणसाला खटकते.

वयस्क कामगार बदलाला विरोध करतात, हा समजही तपासला गेला आहे. थॉमस एनजी आणि डॅनियल फेल्डमन यांनी २०१२ मध्ये ४१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सहा प्रचलित समजांपैकी एकालाच आधार मिळाला : प्रशिक्षणाची उत्सुकता किंचित कमी असते. म्हणून नवे पॅनेल सभागृहातल्या भाषणापेक्षा जागेवर, हाताने चालवून आणि पुरेसा वेळ देऊन शिकवावे.

शरीराचाही विचार हवा. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर वाचायला त्रास होतो, पुढे उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. रात्रपाळीनंतर दिवसाची झोप नीट लागत नाही, तहानही उशिरा जाणवते. पॅनेलवर मोठी अक्षरे, अलार्मला दिव्याची जोड, पाण्यासाठी ठरलेली सुटी हे उपाय तरुणांच्याही उपयोगी पडतात.

मात्र अनुभव चुकूही शकतो. ‘वीस वर्षांत काही झालं नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. हातमोजे, मास्क, व्हॉल्व्हची तपासणी यांत वयाची सवलत नाही. ते सांगताना चारचौघांत आवाज न चढवता बाजूला घेऊन, कारणासह सांगावे. निर्णयाची जबाबदारी इन्चार्जचीच असते. पण विचारून घेतलेल्या निर्णयामागे काकांची नजरही उभी राहते.