'एक्स्प्लेन मी' का चालत नाही?

'टेल मी द आन्सर' बरोबर, 'शो मी द आन्सर' बरोबर, मग 'एक्स्प्लेन मी द आन्सर' दिसलं की इंग्रजीचे शिक्षक लाल पेन का उचलतात? मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य सहज येतं. 'मला उत्तर सांग', 'मला उत्तर दाखव', 'मला उत्तर समजाव' ही तिन्ही वाक्यं एकाच साच्यातली. 'ला' लावला की काम झालं. इंग्रजीत मात्र 'एक्स्प्लेन द आन्सर टू मी' म्हणावं लागतं. 'सजेस्ट मी अ गुड हॉटेल'ची गतही तीच. मग समजूत होते ती अशी, की दोन कर्मं घेणाऱ्या इंग्रजी क्रियापदांचा कारभार निव्वळ लहरी आहे, यादी पाठ करण्यावाचून इलाज नाही.

लहरीपणा आहे, पण वाटतो त्याच्या निम्माही नाही.

घोळ सुरू होतो तो शाळेतल्या युक्तीपासून. 'काय?' विचारलं की प्रत्यक्ष कर्म सापडतं आणि 'कोणाला?' विचारलं की अप्रत्यक्ष. 'आजीने नातवाला गोष्ट सांगितली' इथवर ही युक्ती चोख चालते. पण 'आय सॉ हिम' या वाक्यात कोणाला पाहिलं? त्याला! तरीही 'हिम' हे प्रत्यक्ष कर्मच आहे. सजीव कर्मालाही 'ला' लावायची सवय मराठीची. इंग्रजीचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट 'दे मेड हिम कॅप्टन' यात क्रियापदामागून दोन शब्द आले म्हणून कर्मं दोन होत नाहीत. 'हिम' आणि 'कॅप्टन' ही एकच व्यक्ती. 'कॅप्टन' हे कर्माचं पूरक. 'कॉल मी अ टॅक्सी' म्हणणाऱ्याला 'बरं, तुम्ही टॅक्सी' असं उत्तर मिळतं, तो जुना इंग्रजी विनोद याच दुहेरी अर्थावर उभा आहे.

दुसरा गैरसमज जास्त खोलवरचा: 'टू' घालून केलेलं वाक्य आणि 'टू'शिवायचं वाक्य म्हणजे एकच गोष्ट, मनाला येईल ते वापरावं. पुष्कळदा तसं असतंही. पण 'सेंड द पार्सल टू पुणे' ठीक, तर 'सेंड पुणे द पार्सल' कानाला खटकतं. 'पुणे' म्हणजे पुण्याचं ऑफिस असेल तर मात्र चालतं. याचं कारण असं, की दोन कर्मांच्या रचनेत पहिल्या जागेवर जो बसतो, त्याच्या हाती ती वस्तू येणार असते किंवा यावी असा बेत असतो. शहराच्या हाती काही येत नाही, ऑफिसातल्या माणसांच्या येतं. 'ओपन मी अ बिअर' म्हणता येतं, 'ओपन मी द डोअर' नाही. बिअर मिळते, उघडलेलं दार कोणी हातात देत नाही. 'द नॉइज गेव्ह मी अ हेडेक' यातली डोकेदुखीही अशीच पदरात पडलेली. ती 'अ हेडेक टू मी' अशी इकडून तिकडे पाठवलेली सहसा ऐकू येत नाही.

आता थोडं शिकलेल्या मंडळींचा आवडता नियम: लॅटिन वंशाची क्रियापदं दोन कर्मं घेत नाहीत, अस्सल इंग्रजी घेतात. 'डोनेट', 'डिस्क्राइब', 'एक्स्प्लेन' एकीकडे आणि 'गिव्ह', 'टेल', 'सेंड', 'शो' दुसरीकडे ठेवले, की हे पटतंही. पण 'प्रॉमिस' आणि 'असाइन' लॅटिनमधून येऊनही बिनदिक्कत दोन कर्मं घेतात, आणि 'से' हा जुना इंग्रजी शब्द असून 'सेड मी' चूक ठरतं. शिवाय लंडनमधल्या तीन वर्षांच्या पोराला लॅटिन कुठून येणार? जेस ग्रोपेन, स्टीव्हन पिंकर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या, बनावट क्रियापदं घेऊन प्रयोग केले आणि या नियमाचा माग अर्थाच्या बारीक गटांपर्यंत नेला. बोलण्याची ढब सांगणारी 'व्हिस्पर', 'मम्बल' ही क्रियापदं दोन कर्मांच्या रचनेत बसत नाहीत. निरोप कशावरून पाठवला ते सांगणारी बसतात: 'फोन', 'फॅक्स', 'ईमेल'. म्हणूनच २००९ साली आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपचं क्रियापद झालं, तेव्हा 'व्हॉट्सअ‍ॅप मी द अ‍ॅड्रेस' म्हणायला कोणाला व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागलं नाही. शब्दाच्या आवाजाचाही यात वाटा आहे. एका अवयवाची (सिलॅबलची) किंवा पहिल्या अवयवावर जोर असलेली क्रियापदं ही रचना अधिक सहज पेलतात. 'असाइन'सारखे अपवाद अर्थाच्या जोरावर आत शिरतात.

दोन्ही रचना शक्य असतील तेव्हा बोलणारा कोणती निवडतो? जोन ब्रेसनन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकी टेलिफोन संभाषणांतली दोन हजारांहून अधिक वाक्यं तपासली. सर्वनाम, आधी उल्लेख झालेली गोष्ट, आखूड शब्दसमूह यांचा कल पुढे येण्याकडे असतो; नवं आणि लांबलचक ते मागे राहतं. त्यामुळे 'गिव्ह हिम' म्हणून त्यानंतर काकांनी मागे ठेवलेल्या जुन्या रेडिओचं सगळं वर्णन खुशाल जोडता येतं. वर जी डोकेदुखी 'टू'ला नको म्हणत होती, तीसुद्धा 'हा गोंगाट ऐकणाऱ्या प्रत्येकाला' असा लांब शेपूट असलेला धनी मिळाला, की 'टू'बरोबर मुकाट जाते.

'गिव्ह इट मी' मात्र साफ चूक, असं वाटेल. इंग्लंडच्या लँकशर भागात लोक सर्रास तसंच बोलतात. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच विभक्ती होती, त्यामुळे कर्मं पुढेमागे झाली तरी घोटाळा होत नसे. प्रत्यय झिजले, तेव्हा ते काम शब्दांच्या क्रमावर आणि 'टू'वर येऊन पडलं.

भारतात या यादीत आणखी भर पडते आहे. 'गिफ्टेड हर अ साडी' ही रचना इथल्या वर्तमानपत्रांत इतकी रुळली आहे, की ती कोणाला खटकतही नाही. जॉयब्रतो मुखर्जी आणि सेबास्टियन हॉफमन यांनी २००६ साली भारतीय इंग्रजीतल्या अशा नव्या द्विकर्मक क्रियापदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'गिफ्ट' छापील इंग्रजीत स्थिरावलं; 'सजेस्ट मी' आणि 'एक्स्प्लेन मी' बोलण्यात भरपूर ऐकू येतात, पण परीक्षेत त्यांचे गुण अजून कापलेच जातात.